सीलाकँथची ओळख

बाजारात मासळी घेणारी गृहिणी पापलेट, सुरमई आणि रावस यांतील फरक क्षणार्धात सांगते. तिला त्यासाठी ग्रंथ उघडावे लागत नाहीत. ते मासे पिढ्यान्‌पिढ्या तिच्या घराच्या परिचयाचे असतात. परंतु ज्या माशाला कोणाही शास्त्रज्ञाने जिवंत वा मृत पाहिलेले नाही, किंबहुना जो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच पृथ्वीतलावरून नाहीसा झाला असे सर्व ग्रंथ एकमुखाने सांगतात, असा मासा एखाद्या सकाळी धक्क्यावर येऊन पडला, तर त्याला ओळखायचे कोणी आणि कशावरून? हा प्रश्न काल्पनिक नाही. १९३८ च्या डिसेंबर महिन्याच्या २२ तारखेस तो दक्षिण आफ्रिकेतील एका बंदरात प्रत्यक्ष उपस्थित झाला, आणि त्याचे निश्चित उत्तर मिळण्यास जवळजवळ दोन महिने लागले. त्या माशाचे नाव सीलाकँथ.

सीलाकँथ हे नाव त्या वेळी अपरिचित होते असे मात्र नाही. स्विस शास्त्रज्ञ लुई आगासी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकातच एका जीवाश्माला, म्हणजे खडकात उमटून राहिलेल्या एका माशाच्या अवशेषाला, ते दिले होते. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘पोकळ काट्यांचा’ असा होतो. कारण त्या माशाच्या शेपटीच्या पराचे काटे आतून पोकळ होते. पुढे या कुळातील अनेक जातींचे जीवाश्म जगाच्या निरनिराळ्या भागांत सापडले. त्यांतील सर्वांत जुने ४० कोटी वर्षांहून अधिक प्राचीन आहेत. सर्वांत अलीकडचे मात्र डायनोसॉर ज्या काळात नामशेष झाले त्याच्या आसपासचे. त्यानंतरच्या खडकांत या कुळाचा मागमूस मिळत नाही. तेव्हा कुळ बुडाले, असा निष्कर्ष काढण्यात आला, आणि तो अगदी स्वाभाविक होता. बुडालेल्या कुळाचा वारस धक्क्यावर येऊन पडेल, अशी अपेक्षा कोण करील?

ही घटना घडली ते ईस्ट लंडन शहर इंग्लंडमधील नव्हे. दक्षिण आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरील ते एक बंदर होय. तेथे एक लहानसे वस्तुसंग्रहालय होते आणि त्याची व्यवस्था मार्जोरी कोर्टनी-लॅटिमर या एकतीस वर्षांच्या तरुणीकडे होती. विद्यापीठाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. परंतु पक्षी, शंखशिंपले, वनस्पती यांचे लहानपणापासूनचे वेड आणि दृष्टीस पडेल ते बारकाईने पाहण्याची सवय हे त्यांचे भांडवल होते. बंदरात येणाऱ्या मासेमारी बोटींच्या कप्तानांना त्यांनी सांगून ठेवले होते की, जाळ्यात काही वेगळे आले तर संग्रहालयासाठी बाजूला काढावे. ‘नेरीन’ नावाच्या बोटीचे कप्तान हेंड्रिक गूसेन हे काम अगत्याने करीत. २२ डिसेंबरला बोट परतल्याचा निरोप आला तेव्हा नाताळ तोंडावर आला होता आणि लॅटिमरबाईंना हातातील काम संपवायचे होते. तरीही, निदान खलाशांना सणाच्या शुभेच्छा द्याव्यात म्हणून त्या टॅक्सी करून धक्क्यावर गेल्या.

डेकवर मुशी आणि इतर माशांचा ढीग पडला होता. त्या ढिगाखालून एक निळा पर बाहेर डोकावत होता. वरचे मासे बाजूला सारल्यावर जो मासा दिसला तो दीड मीटर लांबीचा, साडेसत्तावन्न किलो वजनाचा, निळसर जांभळ्या रंगाचा असून त्याच्या अंगावर फिकट चमकदार ठिपके होते. चालुम्ना नदीच्या मुखासमोर, सुमारे ७० मीटर खोलीवर तो जाळ्यात आला होता. असा मासा त्यांनी पूर्वी कधीही पाहिला नव्हता. वासामुळे नाखूश असलेल्या टॅक्सीवाल्याची समजूत घालून त्यांनी तो संग्रहालयात आणला. संग्रहालयाच्या मंडळाचे अध्यक्ष तेथे आले आणि त्यांनी तो पाहताच निकाल दिला, की हा नुसता रॉक कॉड आहे. कोकणात ज्याला गोबरा किंवा हेकरू म्हणतात, त्या प्रकारचा हा मासा. वरवर पाहता हा निकाल हास्यास्पद नव्हता. जाड अंग, मोठे तोंड, रुंद शेपटी ही लक्षणे दोन्हींत आहेत. परंतु वरवरचे साम्य आणि ओळख यांत जे अंतर असते, त्यावरच पुढची सारी कथा उभी आहे.

दक्षिण गोलार्धातील डिसेंबर म्हणजे ऐन उन्हाळा. एवढा मोठा मासा टिकवायचा कसा? शहरातील शवागाराने आणि शीतगृहाने त्याला जागा नाकारली. अखेरीस प्राण्यांच्या कातड्यात पेंढा भरणाऱ्या कारागिराकडे तो नेऊन, वर्तमानपत्रे आणि चादर फॉर्मॅलीनमध्ये भिजवून त्यात गुंडाळून ठेवावा लागला. लॅटिमरबाईंनी त्याचे एक साधे रेखाचित्र काढले, खुणांचे वर्णन लिहिले आणि ते पत्र ग्रॅहॅम्सटाउनच्या ऱ्होड्स युनिव्हर्सिटी कॉलेजातील जे. एल. बी. स्मिथ यांना पाठविले. स्मिथ हे व्यवसायाने रसायनशास्त्राचे अध्यापक होते. मासे हा त्यांचा ध्यास होता. दुर्दैवाने ते सुट्टीसाठी नाइस्ना या दूरच्या गावी गेले होते आणि पत्र त्यांच्या हाती पडण्यास ३ जानेवारी उजाडली. त्यांनी तातडीने तार केली की, सांगाडा आणि कल्ले जपून ठेवावेत. परंतु तोपर्यंत फॉर्मॅलीन आतवर न पोहोचल्याने मासा कुजू लागला होता. कातडे सोलून घेतले गेले होते आणि आतील अवयव टाकून देण्यात आले होते.

स्मिथ १६ फेब्रुवारी १९३९ रोजी ईस्ट लंडनला पोहोचले आणि तो मासा पाहताक्षणीच त्यांची खात्री झाली. रेखाचित्रावरूनच त्यांना संशय आला होता. परंतु चूक ठरली तर जगात हसे होईल या धास्तीने ते अस्वस्थ होते. त्यांनी या माशाला ‘लॅटिमेरिया चालुम्नी’ असे नाव दिले. ज्यांनी तो वाचविला त्या बाईंचे आणि जेथे तो सापडला त्या नदीचे अशी दोन्ही नावे त्यात गुंफली गेली.

आता स्मिथ यांची खात्री कोणत्या खुणांवरून झाली ते पाहू. पहिली खूण परांची. रोहूचा अथवा सुरमईचा पर हाताने उघडून पाहिला तर त्याचे काटे थेट अंगातून फुटलेले दिसतात. सीलाकँथचा पर एका मांसल दांड्याच्या टोकाशी असतो. त्या दांड्यात हाडे आणि स्नायू असतात. आखूड हाताच्या टोकाला झालर लावावी तसा तो दिसतो. छातीजवळची जोडी, पोटाखालची जोडी, पाठीवरचा दुसरा पर आणि शेपटीच्या अलीकडे खालच्या अंगास असलेला पर, असे सहा पर या घडणीचे असतात. पाठीवरचा पहिला पर मात्र इतर माशांप्रमाणे पंख्याच्या आकाराचा असतो. दुसरी खूण शेपटीची. ती वर आणि खाली रुंद पसरलेली असतेच. पण मधोमध एक लहानसा तिसरा पाळा स्वतःचा पर घेऊन मागे निघालेला असतो, जणू एका शेपटीतून दुसरी धाकटी शेपटी फुटली आहे. तिसरी खूण खवल्यांची. ते मोठे, जाड, एकावर एक चढलेले असून त्यांच्या उघड्या भागावर दातांसारखे बारीक कठीण दाणे असतात. त्यामुळे हात फिरविला असता ते कानशीसारखे खरखरीत लागतात. या तिन्ही खुणा गोबऱ्यात नाहीत. त्या एकत्र कोठे आढळत होत्या, तर कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या दगडांत.

याखेरीज आणखी काही खुणा शरीराच्या आत असतात. बहुतेक माशांना मणक्यांचा कणा असतो. सीलाकँथच्या पाठीत त्या जागी जाड भिंतीची एक लांब नळी असते आणि ती तेलासारख्या द्रवाने भरलेली असते. इतर कणाधारी प्राण्यांत गर्भावस्थेत दिसणारी आणि पुढे मण्यांना जागा देणारी ही पृष्ठरज्जू या माशाने आयुष्यभर राखली आहे. त्याच्या कवटीला मधोमध एक सांधा असतो. त्यामुळे कवटीचा पुढचा भाग वर उचलला जातो आणि जबडा अधिक विस्फारतो. असा सांधा आज जिवंत असलेल्या दुसऱ्या कोणत्याही कणाधारी प्राण्यात नाही. नाकाडात जेलीसारख्या पदार्थाने भरलेली एक पोकळी असते; तिच्या साहाय्याने तो भक्ष्याच्या शरीरातून निघणारे क्षीण विद्युत्‌प्रवाह ओळखतो, असे मानतात. आणि त्याच्या पोटात फुप्फुसाचा एक निरुपयोगी अवशेष असतो, त्याभोवती मेदाने भरलेला अवयव वाढलेला असतो.

यातील आतल्या अवयवांच्या खुणा १९३८ च्या माशात पाहता आल्या नाहीत, कारण ते अवयव केव्हाच फेकून दिले गेले होते. म्हणून दुसरा मासा मिळणे आवश्यक होते. स्मिथ यांनी इंग्रजी, फ्रेंच आणि पोर्तुगीज भाषांत पत्रके छापली, त्यांत माशाचे चित्र दिले, शंभर पौंडांचे बक्षीस जाहीर केले आणि ती आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर वाटली. मधल्या काळात महायुद्ध होऊन गेले. चौदा वर्षे लोटली. १९५२ च्या डिसेंबरात मोझांबिक आणि मादागास्कर यांच्यामधील कोमोरो बेटांतून एरिक हंट या जहाजमालकाची तार आली, की अंजुआन बेटावरील एका कोळ्याला तो मासा मिळाला आहे. पत्रकावरील चित्रामुळे तो ओळखला गेला होता. पुन्हा तोच उन्हाळा आणि पुन्हा नाताळ! स्मिथ यांनी थेट पंतप्रधान मलान यांना दूरध्वनी केला आणि मलान यांनी लष्कराचे डकोटा विमान त्यांच्या दिमतीस दिले. मिठात आणि फॉर्मॅलीनमध्ये जपलेला तो मासा पाहताना स्मिथ यांना अश्रू आवरले नाहीत.

परंतु याच ठिकाणी ओळखीच्या शास्त्राने एक चकवा दिला. या दुसऱ्या माशाला पाठीवरचा पहिला पर नव्हता आणि शेपटीतील मधला पाळाही नव्हता. एवढ्या ठळक खुणा नाहीत, त्या अर्थी ही वेगळी जात असली पाहिजे, असे मानून स्मिथ यांनी त्याला पंतप्रधानांच्या नावावरून ‘मलानिया अंजुआनी’ असे नवे नाव दिले. पुढे अधिक मासे मिळाले तेव्हा उलगडा झाला. तो पर आणि तो पाळा त्या एका माशाने पूर्वीच्या कोणत्या तरी इजेत गमावले होते. जात तीच होती. पाय गमावलेल्या मनुष्याची वेगळी जमात समजावी, तसा हा प्रकार झाला. नवे नाव मागे घ्यावे लागले. एका नमुन्यावरून निर्णय करू नये, आणि जे दिसत नाही ते मुळातच नव्हते असे समजू नये, हा धडा मत्स्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आजही या उदाहरणावरून देता येतो.

कोमोरो बेटांत आणखी एक गोष्ट उघड झाली, आणि ती विद्वानांनी नम्र व्हावे अशी होती. शास्त्राच्या दृष्टीने नामशेष झालेला हा मासा तेथील कोळ्यांना चांगला ठाऊक होता. ते त्याला ‘गोंबेसा’ म्हणत. रात्री लहान होड्यांतून खोल पाण्यात गळ सोडून दुसरे मासे धरताना तो अधूनमधून गळाला लागे. त्याचे मांस तेलकट असल्याने खाण्याच्या दृष्टीने त्याला मोल नव्हते. सायकलच्या ट्यूबला ठिगळ लावण्यापूर्वी रबर खरवडण्यासाठी त्याचे खरखरीत खवले वापरीत, असेही सांगतात. ज्या खवल्यांच्या दाण्यांवरून पंडितांनी त्याचे कुळ ठरविले, त्यांचा उपयोग बेटावरचा माणूस आधीपासून जाणून होता. शोध लागला तो विज्ञानाला. मासा आपल्या ठिकाणी होताच, आणि त्याला ओळखणारी माणसेही होती.

कोमोरो बेटे त्या वेळी फ्रान्सच्या अमलाखाली होती. त्यामुळे पुढील नमुने फ्रेंच शास्त्रज्ञांकडे गेले आणि जाक मिलो व जाँ आंतोनी यांनी त्यांचे अतिशय तपशीलवार विच्छेदन केले. तथापि विच्छेदनाने मृत देह कळतो, जीवन कळत नाही. परांच्या दांड्यांकडे पाहून पुष्कळांनी तर्क केला होता की, हा मासा समुद्राच्या तळावर या परांच्या आधारे चालत असावा. स्मिथ यांनी १९५६ साली लिहिलेल्या पुस्तकाचे नावच ‘ओल्ड फोरलेग्ज’, म्हणजे ‘म्हातारा चारपायी’, असे होते. या तर्काची परीक्षा १९८७ साली झाली. जर्मन शास्त्रज्ञ हान्स फ्रिके आणि त्यांचे सहकारी एका लहान पाणबुडीतून ग्रँड कोमोरो बेटाच्या उतारावर उतरले आणि त्यांनी शंभर ते दोनशे मीटर खोलीवर या माशाला त्याच्या घरी प्रथमच चित्रित केले.

तेथे तो चालताना दिसला नाही. तो पाण्याच्या प्रवाहाबरोबर अगदी संथपणे तरंगत होता आणि परांनी केवळ दिशा व तोल सांभाळीत होता. मात्र त्याच्या परांची हालचाल विलक्षण होती. पुढचा उजवा पर हलला की मागचा डावा हले, आणि पुढचा डावा हलला की मागचा उजवा. दुडकी चालणाऱ्या घोड्याच्या पायांचा क्रम हाच असतो. म्हणजे चालीचा ताल त्याच्यापाशी आहे. जमीन मात्र त्याला लागत नाही. कधी कधी तो डोके खाली आणि शेपटी वर करून पाण्यात उभा राहतो, हेही तेव्हाच दिसले. दिवसा तो लाव्हाच्या खडकांतील गुहांत विश्रांती घेतो. एकेका गुहेत दहाहून अधिक मासे एकत्र आढळले आहेत. रात्री तो बाहेर पडून भक्ष्य शोधतो. त्याच्या अंगावरील पांढऱ्या ठिपक्यांची मांडणी प्रत्येक माशात निराळी असते आणि तीवरून शास्त्रज्ञ एकेका माशाला वर्षानुवर्षे ओळखू शकले. जातीची ओळख परांवरून, तर व्यक्तीची ओळख ठिपक्यांवरून पटते असे म्हणता येईल.

पुढच्या काळात या माशाचा पत्ता अनपेक्षित ठिकाणी लागत गेला. १९९७ साली इंडोनेशियातील मानाडो शहराच्या बाजारात अर्नाझ मेहता-एर्डमन या तरुणीला हातगाडीवरून चाललेला एक विचित्र मासा दिसला. तिचे पती मार्क एर्डमन हे सागरी जीवशास्त्रज्ञ. दोघे नवविवाहित होते. त्यांनी छायाचित्र घेतले, परंतु मासा विकत घेतला नाही. कोमोरोपासून सुमारे १०,००० किलोमीटर दूर असलेल्या या समुद्रात सीलाकँथ असल्याचे जगाला ठाऊक नाही, हे त्यांना मागाहून कळले. मग बंदरोबंदर कोळ्यांना विचारणे सुरू झाले, आणि ३० जुलै १९९८ रोजी मुशींसाठी लावलेल्या खोल जाळ्यात दुसरा मासा मिळाला. तेथील कोळी त्याला ‘राजा लाउत’ म्हणत होते, म्हणजे समुद्राचा राजा. संस्कृतातील राजा या शब्दाची तेथील भाषेतील वस्ती मराठी माणसाला सहज ओळखू येईल. हा मासा निळा नसून तपकिरी होता आणि त्याच्या अंगावर सोनेरी छटा होती. अंगकाठीने तो कोमोरोच्या माशासारखाच दिसे. परंतु आनुवंशिक द्रव्याची तुलना केल्यावर दोघांचे वंश फार पूर्वीच विलग झाल्याचे आढळले. १९९९ साली त्याला ‘लॅटिमेरिया मेनाडोएन्सिस’ हे स्वतंत्र नाव मिळाले. पूर्वी, खुणा नाहीशा झालेल्या माशाला चुकून वेगळे मानले गेले होते. येथे बहुतेक साऱ्या खुणा जुळत असलेला मासा खरोखर वेगळा निघाला.

दक्षिण आफ्रिकेतही त्याचा वावर २००० साली पुन्हा सिद्ध झाला. सोडवाना उपसागरात पाण्याखालील एका दरीत पीटर व्हेंटर आणि त्यांच्या सहकारी पाणबुड्यांना सुमारे १०४ मीटर खोलीवर हे मासे दिसले. त्यांचे चित्रण करण्यासाठी निघालेल्या पुढच्या मोहिमेत एका पाणबुड्याला प्राण गमवावे लागले. या माशाच्या दारापर्यंत जाणे माणसाला सोपे नाही, हे त्यावरून कळते.

भारताशी या कुळाचा संबंध आहे आणि तो जुना आहे. महाराष्ट्र आणि तेलंगणा यांच्या सीमेवर, सिरोंच्याच्या परिसरात प्राणहिता गोदावरीला मिळते. या खोऱ्यात कोटा नावाने ओळखले जाणारे ज्युरासिक काळातील खडक आहेत. १९७४ साली सोहनलाल जैन यांनी त्या खडकांतील एका सीलाकँथचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला ‘इंडोसीलाकँथस रोबस्टस’ हे नाव दिले. भारतात मिळालेला हा पहिला सीलाकँथ. आजचे सीलाकँथ खाऱ्या पाण्याच्या खोल उतारांवर राहतात. परंतु कोटा येथील चुनखडी गोड्या पाण्याच्या तळ्यात साठलेली आहे. यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. हे कुळ एके काळी नद्या, तळी आणि उथळ समुद्र या सर्वांत पसरलेले होते. त्यातील काही मासे बोटभर होते, काही कित्येक मीटर लांब होते. त्यांपैकी जे शेष उरले, ते आज आपल्याला खोल समुद्राच्या काळोखात भेटतात.

याच कारणास्तव ‘जिवंत जीवाश्म’ हे त्याला लावलेले विशेषण जपून वापरावे लागते. हा मासा ४० कोटी वर्षे जसाच्या तसा राहिला, असे नव्हे. लॅटिमेरिया या प्रजातीचा जीवाश्म सापडलेला नाही. सापडले आहेत ते तिचे दूरचे नातलग. २०१३ साली त्याच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन झाले. तेव्हा प्रथिने घडविणारी त्याची जनुके मंद गतीने बदलतात, हे दिसले. पण ती थांबलेली नाहीत. जमिनीवर आलेल्या चतुष्पाद प्राण्यांचा, पर्यायाने माणसाचा, तो पूर्वज आहे हा समजही त्या संशोधनाने दूर केला. आपल्याला अधिक जवळचे नातलग फुप्फुसमीन आहेत. सीलाकँथ हा त्याच घराण्याच्या जरा लांबच्या शाखेचा. घरातील वृद्ध नातेवाइकाला चुकून आजोबा म्हणावे आणि मग तो चुलत आजोबा असल्याचे कळावे, तसे हे झाले. नाते बदलले, तरी आदर कमी होण्याचे कारण नाही.

त्याच्या वंशवाढीची रीतही दीर्घकाळ अज्ञात होती. संत्र्याएवढी मोठी अंडी मादीच्या पोटात सापडल्यामुळे ती अंडी घालत असावी असे वाटे. १९७५ साली न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयात, १९६२ साली पकडलेल्या एका मादीचे विच्छेदन झाले तेव्हा तिच्या पोटात पूर्ण घडलेली पाच पिले मिळाली. अंडी आतच उबवून ती जिवंत पिलांना जन्म देते, हे अशा रीतीने सिद्ध झाले.

वयाचा प्रश्न तर अगदी अलीकडे सुटला. खवल्यांवर झाडाच्या खोडातल्यासारखी वर्तुळे असतात. ती मोजून पूर्वी असा अंदाज केला होता की, सीलाकँथ सुमारे वीस वर्षे जगतो. २०२१ साली फ्रेंच संशोधकांनी २७ माशांचे खवले ध्रुवित प्रकाशात तपासले. तेव्हा पूर्वी न दिसलेली अतिशय बारीक वर्तुळे दिसू लागली. त्यांची मोजणी करता सर्वांत वयस्क मासा ८४ वर्षांचा निघाला; हा मासा शंभर वर्षांपर्यंत जगू शकतो, असा निष्कर्ष निघाला. मादी प्रसवक्षम होण्यास पन्नासहून अधिक वर्षे लागतात आणि पिले सुमारे पाच वर्षे पोटात राहतात, असेही त्या अभ्यासाचे अनुमान आहे. ज्या खवल्याने १९३८ साली त्याचे कुळ सांगितले, त्याच खवल्याने ८३ वर्षांनंतर त्याचे वय सांगितले. खूण तीच होती; ती वाचण्याची दृष्टी मात्र नवी होती.

या वयाच्या हिशेबातच या माशाचे संकट सामावलेले आहे. टांझानियाच्या किनाऱ्यावर २००३ पासून खोल पाण्यात मुशींसाठी लावलेल्या जाळ्यांत सीलाकँथ सापडू लागले. कोळ्यांना तो नको असतो. पण जाळे निवड करीत नाही. खोल पाण्यातून वर आलेला हा मासा उष्ण पृष्ठभागावर फार काळ जगत नाही, आणि त्याला परत सोडल्यानेही तो वाचेल याची शाश्वती नसते. ज्या मादीला पहिले पिल्लू होण्यास अर्धे शतक लागते, ती एका रात्रीत जाळ्यात गेली, तर तिची जागा भरून निघण्यास किती काळ लागेल, याचा विचार ज्याचा त्याने करावा. कोमोरो–आफ्रिकेकडील जात आज अत्यंत संकटग्रस्त, तर इंडोनेशियाची जात असुरक्षित मानली जाते. दोहोंच्या आंतरराष्ट्रीय व्यापारास बंदी आहे. टांझानियाने २००९ साली टांगा येथे खास या माशासाठी सागरी उद्यान स्थापन केले. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्या प्रलयात डायनोसॉर संपले, त्यातून हे कुळ तरले. माणसाच्या जाळ्यातून ते तरेल की नाही, हे मात्र सर्वस्वी माणसावर अवलंबून आहे.

मार्जोरी कोर्टनी-लॅटिमर २००४ साली, वयाच्या ९७ व्या वर्षी निवर्तल्या. त्यांनी वाचविलेला मासा ईस्ट लंडनच्या संग्रहालयात जपलेला आहे. त्या दिवशी त्यांना त्याचे नाव ठाऊक नव्हते. परंतु तो गोबरा नव्हे, एवढे त्यांनी पाहिले होते आणि वरिष्ठांच्या निकालानंतरही ते पाहणे सोडले नव्हते. ओळखीची पहिली पायरी बहुधा हीच असते. समोर पडलेली वस्तू नेहमीची नाही हे जाणणे, तिच्या खुणा लिहून ठेवणे, आणि ज्याला अधिक कळते त्याच्याकडे ते पत्र नाताळच्या गर्दीतही टपालात टाकणे. तेवढे त्या दिवशी झाले नसते, तर तो निळा पर मुशींच्या ढिगाबरोबर कचऱ्यात गेला असता, आणि कोमोरोचे कोळी ज्याला गोंबेसा म्हणत होते तो मासा आपल्या ग्रंथांत आणखी किती वर्षे मृतच राहिला असता, कोण जाणे.